बिनभाड्याचे बिऱ्हाड

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला की आमच्या जालना जिल्ह्यात बायका एकमेकींना भेटल्यावर पहिला प्रश्न विचारतात, "दसरा काढला का?" परगावच्या माणसाला याचा उलगडा होत नाही. दसरा येतो, दसरा होतो. तो काढायचा कसा? तर घटस्थापनेच्या आत घरातले यच्चयावत कापड धुऊन काढायचे, भिंती पांढऱ्या मातीने पोतारायच्या, फळीवरचे डबे उतरवून घासायचे आणि हे सारे झाल्याखेरीज घट बसवायचा नाही, याचे नाव दसरा काढणे. कुंडलिका, दुधना, गल्हाटी, पूर्णा या नद्यांना पाणी असले की गोधड्यांनी भरलेल्या गाड्या काठावर उतरत. पूर्वी बैलगाडी असे, मग ट्रॅक्टर आला. चार-पाच लुगड्यांची गोधडी ओली झाली म्हणजे एकट्या बाईला उचलत नाही. दोघी दोन टोकांना धरून पीळ घालतात आणि बाभळीवर, तुराट्यांच्या कुडावर, घराच्या माळवदावर ती वाळत टाकतात. दोन दिवस सारे गाव रंगीबेरंगी ठिगळांनी झाकल्यासारखे दिसते.

मी जन्मभर महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले. त्यामुळे या धुण्याकडे पाहताना माझ्या मनात देवीपेक्षा वेगळेच कोणी येते. जूनच्या मध्याला पाऊस सुरू होतो तेव्हापासून सप्टेंबरअखेरपर्यंत घरातली हवा दमट असते. या तीन-साडेतीन महिन्यांत गोधडीच्या थरांत एका प्राण्याच्या तीनेक पिढ्या वाढून निघतात. त्याची वस्ती भरात आलेली असते नेमक्या त्याच सुमारास आमच्या बायका गोधड्या नदीवर नेतात. आपल्या पूर्वजांना सगळे विज्ञान ठाऊक होते असे म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मला बसायचे नाही. त्यांना हा प्राणी दिसला नव्हता; दिसणे शक्यही नव्हते. पावसाळ्यात अंथरुणाला कुबट वास येतो, पावसाळा सरला की ऊन पडते आणि नदीला पाणी असते, एवढे त्यांना दिसत होते. तेवढ्यावर त्यांनी जे केले ते बरोबर होते.

हा प्राणी म्हणजे ज्याला डॉक्टर 'माइट' म्हणतात तो. याला मराठीत घरगुती नावच नाही, ही मोठी अडचण आहे. ढेकूण, पिसू, ऊ, गोचीड, कसर, वाळवी, टोके, सोंडे ही सगळी मंडळी आपल्या भाषेत नावानिशी नांदतात. हा मात्र निनावी. बदनापूर-अंबडकडच्या मोसंबी बागाईतदाराकडे त्याला शब्द आहे. फळावर तांबूस-करडे चट्टे पाडून भाव उतरवणाऱ्या बारीक किडीला तो 'कोळी' म्हणतो. मीही तोच शब्द घेतो, कारण तो शास्त्रालाही धरून आहे. हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात, याला आठ. जाळे विणणाऱ्या कोळ्याच्या भाऊबंदांतला हा, आणि गोचिडाचा तर सख्खा चुलत. अंड्यातून निघालेल्या पिलाला मात्र सहाच पाय असतात, दोन मागाहून फुटतात. परीक्षेत हा प्रश्न मी दर दोन वर्षांनी घालत असे आणि निम्मा वर्ग दर वेळी पडत असे.

घरच्या धुळीतला कोळी मिलिमीटरच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढा. रंग नाही, डोळे नाहीत. तो चावत नाही, रक्त पीत नाही. आपल्या अंगावरून रोज गळणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर त्याचे पोट भरते, म्हणून अंथरूण, उशी, सोफा ही त्याची आवडती ठिकाणे. आपण जिथे जास्त वेळ पडून राहतो तिथे त्याचे ताट वाढलेले असते. तो पाणी पीत नाही; लागेल ती ओल हवेतून शोषून घेतो. त्याच्या साऱ्या संसाराची किल्ली इथे आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांच्या घरात असली की त्याची भरभराट होते. ती दिवसरात्र निम्म्याच्या खाली राहिली तर मोठे कोळी आठ-दहा दिवसांत वाळून मरतात. एका जातीची पिल्ले तेवढी सुप्तावस्थेत महिनोन्महिने तग धरतात आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा चालू लागतात.

धुळीने शिंका येतात, दमा उठतो, हे वैद्य-डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत होते. धुळीत नेमके काय असते, ते मात्र कळत नव्हते. रस्त्यावरची धूळ बाधत नाही आणि घरातली बाधते, हे कोडे होते. हॉलंडमधल्या लायडन इथल्या फोरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा यांनी १९६४ साली ते सोडवले. ओल धरलेल्या घरांतली धूळ जास्त बाधते हे त्यांच्या ध्यानात आले होते. सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावर त्या धुळीत हे कोळी सापडले. त्यातल्या मुख्य जातीला 'डर्मॅटोफेगॉइडिस टेरोनिसिनस' असे भले दांडगे नाव आहे. पहिल्या शब्दाचा अर्थ साधारण 'कातडीखाऊ'. पण अपाय करतो तो कोळी स्वतः नव्हे. तो दिवसाला वीसेक लेंड्या टाकतो, आणि त्यांत त्याच्या पोटातले पाचक द्रव्य असते. गादी झटकली, उशीवर कूस बदलली की हे कण उडतात, श्वासाबरोबर आत जातात आणि ज्याच्या शरीराला त्याचे वावडे असते त्याचे नाक, डोळे, श्वासनलिका पेटून उठतात. कोळी मेले तरी लेंड्या तिथेच राहतात. म्हणून दिवाळीच्या आवराआवरीत, हवा कोरडी पडून कोळी मरू लागलेले असतानाही, दम्याची पोरे नेमकी तेव्हा आजारी पडतात. त्या पोराला घरात ठेवून गाद्या बडवणे हा शुद्ध अविचार आहे.

आता आमच्या जिल्ह्याची गोष्ट. इथे सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते. कोळ्याच्या दृष्टीने हे वाळवंटच. समुद्रकाठच्या मुंबईत त्याला बारमाही सुकाळ आणि मराठवाड्यात दर उन्हाळ्याला दुष्काळ, असा निसर्गाचा न्याय होता. त्यात माणसे माळवदावर झोपत, अंथरुणे दिवसभर तिथेच तापत. कापसाच्या गाद्या असलेल्या घरी वर्षा-दोन वर्षांनी पिंजारी येई. धनुकलीच्या तारेचा तो टणत्कार माझ्या वयाच्या माणसांच्या कानात अजून असेल. तो गादीची खोळ उसवून कापूस उन्हात पसरायचा, पिंजायचा आणि पुन्हा भरायचा. कोळ्याचे बिऱ्हाडच रस्त्यावर आणल्यासारखे. त्या धुळीत त्या बिचाऱ्याच्या स्वतःच्या छातीचे काय होत असेल, हे मात्र कोणी विचारले नाही.

मग आम्ही सुखी झालो. फोमची गादी आली. ती उसवता येत नाही आणि जिन्यावरून गच्चीवर नेता येत नाही. सोफा आला, तो तर कधी धुतलाच जात नाही. जाड मऊ ब्लँकेट आले, ते ड्रायक्लीनला द्यायचे म्हणून तीन-तीन वर्षे दिले जात नाही. आणि खिडकीत कूलर आला. पत्र्याच्या पेटीत पाणी, बाजूंना गवताच्या ताट्या, मागे पंखा. बेचाळीस अंशांच्या उन्हात कूलरला नावे ठेवण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. पण कूलर थंडावा देतो तो हवेत ओल घालून. दारे-खिडक्या लावून तो रात्रभर चालवला तर बाहेर वाळवंट असताना खोलीत श्रावण असतो. ज्या दोन महिन्यांत कोळ्याची उपासमार व्हायची, तेच दोन महिने आपण त्याला पाणी पुरवतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कोरड्या प्रांतांत याची पाहणी झाली आहे. त्या हवेत कोळी टिकू नयेत. पण कूलर असलेल्या घरांत ते बिगरकूलरच्या घरांपेक्षा जास्त सापडले.

यावर कूलर फेकून द्या असा उपाय सांगणारा विद्वान जालन्यात मे महिना काढून दाखवील तर त्याला माझा नमस्कार. कूलर लावताना समोरची खिडकी किंवा दार उघडे ठेवा, म्हणजे ओली हवा बाहेर जाते. गारवाही त्यानेच चांगला येतो. झोत थेट अंथरुणावर नको. आणि दिवसा कूलर बंद असताना खोलीला ऊन-वारा लागू द्या.

परदेशी पुस्तकांत दुसरा उपाय हमखास असतो: चादरी-अभ्रे आठवड्याला साठ अंश तापमानाच्या पाण्यात धुवा. उपाय खरा आहे. पंचावन्न अंशांच्या वर कोळी मरतो. गार पाण्याने लेंड्या वाहून जातात, कोळी बराचसा शिल्लक राहतो. पण २०१२-१३च्या दुष्काळात टँकरमागे घागर घेऊन धावलेल्या गावातल्या बाईला हे सांगायला मी कोणत्या तोंडाने जाऊ? जिथे नळाची वाट दिवसच्या दिवस बघायची तिथे आठवड्याला कढत पाण्यात चादरी कोण बुडवील? सुदैवाने आमच्याकडे एका गोष्टीचा तुटवडा नाही. सिडनीच्या संशोधकांनी १९९४ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कोळी असलेला गालिचा त्यांनी उन्हाळ्याच्या दिवशी काही तास थेट उन्हात ठेवला, आणि त्यातले सगळे कोळी मेले. आपल्या गच्चीच्या फरशीवर मे महिन्यात अनवाणी पाऊल टेकवत नाही, तिथे कोळ्याची काय कथा! गोधडी, उशी, पातळ गादी तापलेल्या फरशीवर दोन्ही बाजूंनी तीन-तीन तास टाका, उतरवण्याआधी गच्चीवरच झटका, आणि झटकणारा दम्याचा रोगी नसू द्या. महिन्यातून एकदा हे केले तरी पुष्कळ. पाणी असेल तेव्हा धुणे आहेच.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख वाचून कोणीतरी मुलाचा पंप बंद करायचा. कोळी कमी केले की दमा कमी होतो, हे दिसते तितके सरळ नाही. डेन्मार्कच्या गॉट्शे यांनी २००८ साली अशा ५४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. गादीची आच्छादने, फवारे, यंत्राने धूळ ओढणे, या कशानेही दम्यात लक्षणीय फरक पडल्याचे त्यांना आढळले नाही. उलट मँचेस्टरमध्ये २८४ मुलांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कोळी आरपार जाऊ शकत नाही अशा घट्ट विणीच्या खोळी घातलेल्या मुलांपैकी २९ टक्क्यांना वर्षभरात दम्याच्या झटक्यामुळे इस्पितळ गाठावे लागले. साध्या खोळी असलेल्यांत हे प्रमाण ४२ टक्के होते. मला यातून दिसते ते असे की अर्धवट उपायांनी काही साधत नाही, आणि पुरेपूर केलेल्या उपायानेही औषधाची गरज संपत नाही. डॉक्टरांनी दिलेला श्वासातला पंप हा पहिला; ऊन, खोळ आणि उघडी खिडकी त्याच्या मागून.

निवृत्त झालो तरी माझ्याकडचा जुना सूक्ष्मदर्शक निवृत्त झालेला नाही. लोक अजून पुड्या आणतात. "सर, हे बघा बरं काय हाये. घरभर झालंय, अन् लई खाज येऊ लागली." कोणी चिकटपट्टीवर, कोणी औषधाच्या रिकाम्या बाटलीत. इतकी वर्षे हे पाहून माझी एक खात्री झाली आहे. आपल्याकडे किडा ओळखण्याआधी मारण्याची घाई असते, आणि त्या घाईत बहुधा भलताच मारला जातो किंवा कोणीच मारला जात नाही.

काही खुणा सांगतो. डोळ्यांना चालताना दिसतो आणि चावतो, तो धुळीतला कोळी नव्हे. त्याचे घर पुडीत येतच नाही. तांबूस, मसुराएवढा, चपटा आणि अंथरुणावर रक्ताचे ठिपके सोडणारा तो ढेकूण, हे आजीलाही कळते. जुन्या पुस्तकात, ओल्या भिंतीवर, पांढुरका, मिलिमीटरभर, तुरुतुरु पळणारा आणि सहा पायांचा, तो बुरशीवर जगणारा निरुपद्रवी प्राणी; भिंतीची ओल गेली की तोही जातो. खिडकीपाशी, छताच्या कोपऱ्यात लाल-करडे ठिपके चालताना दिसले आणि बोटाने चिरडल्यावर लाल डाग पडला, तर आधी वर बघा. तिथे कबुतराचे किंवा चिमणीचे घरटे सापडेल. पाखरांच्या अंगावरचे हे कोळी पिल्ले उडून गेली की भुकेले होतात आणि घरात उतरतात. ते माणसाला चावतात, पण माणसाच्या अंगावर संसार थाटू शकत नाहीत. इथे गादीवर औषध मारून उपयोग नाही. पिल्ले उडाल्यावर रिकामे घरटे नाका-तोंडावर फडके बांधून काढावे, जागा साबणाच्या पाण्याने धुवावी आणि जाळी बसवावी. खुराड्यातल्या कोंबड्यांच्या कोळ्यांचेही असेच. शेतातल्या झुडपांत राहणाऱ्या कोळ्याच्या पिल्लांमुळे होणारा स्क्रब टायफस हा ताप गंभीर, पण तो घरचा विषय नाही.

पिठातला कोळी आणखी वेगळा. पावसाळ्यात बेसनाच्या, गव्हाच्या पिठाच्या डब्यात वर करडी पूड जमल्यासारखी दिसते आणि ती पूडच हलत असते. संशय असेल तर रात्री पिठाचा पृष्ठभाग वाटीच्या बुडाने आरशासारखा सपाट करून झाकण लावा. सकाळी तो खडबडीत, भुसभुशीत झालेला दिसला तर खाली वस्ती आहे. ते पीठ चाळून वापरू नये. अशा पिठाचे पदार्थ खाऊन कोळ्यांचे वावडे असलेल्या माणसांना जिवावर बेतणारी प्रतिक्रिया आल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. उपाय पुन्हा कोरडेपणाचाच. धान्य दाताखाली कटकन फुटेल इतके वाळवून भरावे, पावसाळ्यात पीठ आठवड्याचे आठवड्याला दळून आणावे, आणि जुन्या पिठावर नवे ओतू नये.

धान्य राखण्यासाठी जी विषारी गोळी लोक पोत्यात सारतात तिच्याविषयी मात्र हात जोडून सांगतो. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची ती गोळी हवेतल्या ओलीने फॉस्फीन वायू सोडते. त्यावर उतारा नाही. राहत्या घरात, माणसे शेजारी झोपलेली असताना ती ठेवणे म्हणजे किड्यांबरोबर माणसांनाही कोठीत कोंडणे आहे. कायद्याने ती सर्वसामान्य गिऱ्हाइकाला विकायचीही नाही. तीच गोष्ट शेतातल्या औषधाची. कपाशीवर मारून उरलेली बाटली आमच्याकडे घरोघर असते, आणि 'जरा गादीवर मारून बघू' हा विचार सुचायला वेळ लागत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-मजूर दगावले, ते तर उघड्या रानात होते. शिवाय या औषधांतली बरीचशी कीटकांसाठी केलेली; कोळ्यावर त्यांचा भरवसा नाही. मोसंबीवाल्यांना याचा अनुभव आहे. ठरावीक औषधांचे फवारे वारंवार मारले की कोळ्यांना खाणारे मित्रजीव मरतात आणि कोळी पहिल्यापेक्षा बळावतो. पूर्वी घरोघर भुरभुरली जाणारी बीएचसी पावडर तर १९९७ पासून बंदच झाली.

कधी कधी पुडीत काहीच नसते. लोकरीचा धागा, कोंडा, वाळूचा कण. आणणारा मात्र शपथेवर सांगतो की अंगात किडे फिरतात. डॉक्टर लोक याला काडेपेटीची खूण म्हणतात, कारण पुरावा बहुधा काडेपेटीतून येतो. अशा माणसाला हसू नये आणि वेडाही म्हणू नये. त्याची खाज खोटी नसते. त्याला आधी त्वचेच्या आणि मग मनाच्या डॉक्टरकडे हलक्या हाताने न्यावे लागते.

आता ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. तो म्हणजे खरजेचा कोळी. हा मात्र माणसावरच जगतो. मादी चारशे मायक्रॉनची, म्हणजे सुईच्या टोकाएवढी. ती कातडीत बीळ खणत जाते, रोज दोन-तीन अंडी घालते आणि महिना-दीड महिना जगते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, कमरेभोवती पुरळ आणि रात्री असह्य वाढणारी खाज, घरात एकापेक्षा जास्त जणांना, ही तिची ओळख. नायटा गोल वाढतो आणि कडेला जास्त लाल असतो. खरूज तशी नसते. तरीही नायट्याच्या मलमाच्या नळ्यांवर नळ्या खरजेवर रित्या होतात. इटलीतल्या बोनोमो आणि चेस्तोनी यांनी १६८७ सालीच हा प्राणी पाहून खरजेचे कारण म्हणून लिहून ठेवला होता. पुढची दीड-दोनशे वर्षे वैद्यकाने त्यांचे ऐकले नाही. आयुर्वेदात या रोगाशी जुळणारी 'पामा' क्षुद्रकुष्ठांत गणली आहे आणि गंधकाचे एक नाव आहे 'पामारि', पामेचा शत्रू. आमचा बागाईतदार मोसंबीच्या कोळ्यावर पाण्यात मिसळायचे गंधक फवारतो आणि तान्ह्या मुलाच्या खरजेला डॉक्टर आजही गंधकाचे मलम लिहून देतात. शत्रूही एकाच कुळातले, अस्त्रही एकच. अर्थात बागेचे गंधक अंगाला लावायचे नसते.

आणि इथे गोधडीचा प्रश्न उलटा फिरतो. खरूज निघाली की घरची बाई पहिल्यांदा गोधड्या उकळायला घेते. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी हेच केले होते. सैनिकांची कांबळी हजारोंनी वाफवली जात होती आणि खरूज हटत नव्हती. तेव्हा केनेथ मेलनबी या कीटकशास्त्रज्ञाने १९४१च्या सुमारास शेफील्डमध्ये युद्धाला तात्त्विक विरोध असलेल्या स्वयंसेवकांवर प्रयोग केले. त्यांना खरजेच्या रुग्णांचे न धुतलेले कपडे घालायला दिले, त्यांच्या कांबळ्यांत झोपवले. फार थोड्यांना खरूज झाली. रुग्णाच्या अंगाला अंग लागून झोपल्यावर मात्र ती झाली. या कोळ्याला माणसाचे अंग सुटले की तो दोन-तीन दिवसांतच मरतो. म्हणजे ज्या गोधडीत दम्याचा कोळी नांदतो, तिला खरजेत फारसा दोष नाही. वापरातले कपडे-अंथरूण एकदा धुऊन उन्हात टाकले, किंवा पाणी नसेल तर तीन-चार दिवस गाठोड्यात बांधून ठेवले, की काम झाले. उपचार करायचा तो माणसांवर, आणि घरातल्या सगळ्या माणसांवर एकाच दिवशी. कारण पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुटायला चार-सहा आठवडे लागतात. एकजण खाजवू लागतो तेव्हा शेजारी झोपणाऱ्यांना ती आधीच लागलेली असते. फक्त खाजवणाऱ्याला मलम लावले तर महिन्याने पुन्हा तेच.

अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या तालुक्यांतली हजारो माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाची उचल डोक्यावर, आणि मुक्काम उसाच्या पाचटाच्या कोपीत. हातभर जागेत पाच-सहा माणसे, पहाटेची थंडी, दोन गोधड्या. सगळ्यांना एकमेकांच्या कुशीतच झोपावे लागते. खरजेला याहून सोयीचे घर कोणी बांधून देऊ शकणार नाही. या मुलांसाठी राज्य सरकारने २०२१ साली वसतिगृहांची योजना मंजूर केली. ती चांगलीच, पण वसतिगृहातही मुले जवळजवळ झोपतात. खाजवून नखांनी झालेल्या जखमा चिघळतात आणि त्यातल्या जंतूंनी पुढे मूत्रपिंडाला, हृदयाला अपाय होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली खरजेचा समावेश उपेक्षित रोगांत केला तो यासाठीच. कोणत्याही घडीला जगात वीस कोटींहून अधिक लोकांना ती असते.

फिजी बेटांवर गावेच्या गावे निवडून, खाज असो वा नसो, सर्वांना आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या दिल्या गेल्या. वर्षाने मोजले तेव्हा खरजेचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून दोनच्या खाली आलेले होते. हे २०१५ साली प्रसिद्ध झाले; त्याच वर्षी या औषधाच्या शोधाबद्दल कॅम्बेल आणि ओमुरा यांना नोबेल मिळाले. गरोदर बाईला आणि पंधरा किलोंच्या आतल्या लेकराला ही गोळी देत नाहीत; त्यांना मलम. बाकीच्यांना वजनाप्रमाणे डॉक्टर सांगतील ती मात्रा, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा. टोळी गावातून निघायच्या आधी तिची अख्खी यादी मुकादमाच्या वहीत असते. ती वही आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे औषधांचे कपाट एका सकाळी एका टेबलावर आले, तर ही लढाई कोपीत पोचण्याआधीच उरकते.

पर्मेथ्रिनचे मलम लावायचे असेल तर मानेपासून तळपायापर्यंत, नखांच्या खाली, बेंबीत, बोटांच्या बेचक्यांत, रात्री लावून सकाळी धुवायचे. तान्ह्याला डोक्यालाही. आठवड्याने पुन्हा. खाज त्यानंतरही दोन-चार आठवडे राहते, म्हणून रोज नवे मलम चोपडत बसू नये. मोठ्या माणसाला एका खेपेला तीस ग्रॅमची एक नळी लागते. पाच मोठ्या माणसांच्या घराला दोन खेपांच्या दहा नळ्या होतात. हातात चिठ्ठी मात्र बहुतेक वेळा एका नळीची पडते.